कस्तूची ओली मूठ

एका गावात एक भट्टी होती, आणि त्या भट्टीला एक आई होती. म्हणजे आई खरी कस्तूची. पण गजराबाई त्या भट्टीचे असे काही लाड करायची, की थोरली लेक भट्टी आणि धाकटी कस्तू, असं सगळं गाव म्हणायचं. कस्तूला त्याचा कधी राग आला नाही. थोरल्या बहिणीच्या पोटात सदा आग आणि डोक्यावर तापलेली वाळू. असल्या बहिणीशी भांडायला कोण जाईल?

भट्टी कसली, तर लाह्या-फुटाण्यांची. लोक घरून ज्वारी, चणे, साळ घेऊन यायचे. गजराबाई कढईतल्या तापल्या वाळूत दाणे टाकायची, लांब दांड्याच्या झाऱ्यानं परतायची आणि ऐकायची. हो, ऐकायची! वाळूत बघून काय कळतंय, असं तिचं म्हणणं. दाणे तडतडू लागले की ती डोळे मिटून कान द्यायची, आणि तडतड जराशी विरळ झाली रे झाली, की कढई चाळणीत उपडी. एक दाणा करपायचा नाही की एक न फुटलेला गणंग राहायचा नाही. कस्तूचे वडील ती रांगत होती तेव्हाच देवाघरी गेले. जाताना त्यांनी भट्टी तेवढी मागं ठेवली, आणि गजराबाईनं ती एक दिवस थंड पडू दिली नाही.

या कामाची मजुरी म्हणजे एक मूठ. पैसा नाही, अडका नाही. भाजून झालं की भट्टीवालीनं गिऱ्हाइकाच्या पिशवीत हात घालायचा, एक मूठ काढायची आणि आपल्या टोपलीत टाकायची. पिशवीमागं एक मूठ, हा तिथला पूर्वापार रिवाज. आणि गजराबाईचा हात म्हणजे काय सांगू! झारा धरून धरून असा रुंद झालेला, की त्यात कोंबडीचं पिलू अंग चोरून झोपलं असतं. पण गाव सुखात होतं, तेव्हा त्या मुठीचं कुणाला काही वाटायचं नाही.

गावाचं नाव चिंचपेठ. राजाचा मोठा रस्ता गावाच्या मधून जायचा. दिवसभर बैलगाड्यांची रांग, व्यापाऱ्यांची ये-जा, धर्मशाळेत पाय ठेवायला जागा नाही. गाडीवान गाडीतूनच ओरडायचा, "वहिनी, फुटाणे!" आणि कस्तू पळत जाऊन पुडी देऊन यायची.

मग राजाला काय लहर आली कोण जाणे, त्यानं तीन कोसांवर नदीला नवा पूल बांधला. पूल झाला छान, पण रस्ता तिकडं वळला आणि चिंचपेठेकडं कुणी फिरकेना. आधी खानावळ बंद झाली. मग नालबंद गेला, शिंपी गेला, दोन दुकानदार पोराबाळांसह गेले. धर्मशाळेच्या ओट्यावर कुत्री निवांत झोपू लागली. मागं राहिले ते थोडी जमीन असलेले, आणि ज्यांना जायला दुसरी जागाच नव्हती ते.

गजराबाईला जागा होती. तिचा भाऊ गाडी जुंपून न्यायलाच आला. म्हणाला, "ताई, मोड ही भट्टी. चल माझ्याकडं. दोघींना दोन घास काय जड नाहीत मला. माझी बायकोसुद्धा काही बोलायची नाही."

"बोलायची नाही रे, पण भांडी आदळेल," गजराबाई म्हणाली. "भाऊराया, तू आलास, बरं वाटलं. पण ही भट्टी पेटती आहे तोवर मी इथून हलत नाही. विझली, तर त्याच दिवशी तुला निरोप धाडीन. मग तुझ्या दारात मी आणि माझं नशीब."

भाऊ एक भोपळा ठेवून गेला बिचारा. कस्तूनं मात्र त्या दिवशी मनात पक्कं धरलं, की भट्टी विझली तर आपल्याला मामीच्या भांड्यांच्या आवाजात राहावं लागणार. 

आणि भट्टी विझायची वेळ यायला फार दिवस लागले नाहीत. हातात धान्य कमी असलं की त्यातली एक मूठसुद्धा जड वाटते. बायका घरीच लाह्या फोडू लागल्या. पाटलीणबाईंनी तव्यावर फोडल्या, तर अर्ध्या करपल्या, उरलेल्या घरभर उडाल्या, आणि पदराला भोक पडलं ते निराळंच. तरी भट्टीवर कुणी येईना. एके दिवशी गजराबाई ओढ्यावर धुणं धूत होती. झुडपापलीकडं दोघी बोलत होत्या, "लाह्या गजरासारख्या कुणाच्या नाहीत. पण तिची मूठ आता परवडत नाही गं बाई."

दुसरी कुणी असती तर भांडली असती, नाहीतर रडली असती. गजराबाई घरी आली, धुणं वाळत घातलं, आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून हसायलाच लागली.

"कस्तू, हात दाखव!"

"धुतलाय," कस्तू घाईघाईनं म्हणाली.

"धुतलायस का असं कुठं विचारलं? मूठ वळून दाखव." कस्तूनं मूठ वळली. गजराबाईनं ती आपल्या तळव्यावर ठेवून खालून-वरून पाहिली. "झकास! उद्यापासून मजुरीची मूठ तू काढायचीस."

"मी? माझ्या मुठीत काय मावतंय आई?"

"म्हणून तर तू. मूठ लहान झाली की माणसं परत येतील."

"पण आपल्याला कमी मिळेल."

"कमी मिळेल, पण मिळेल. भट्टी थंड पडली तर तेवढंही नाही. आणि तू काय जन्मभर सात वर्षांची राहणार आहेस? जशी तू वाढशील तशी मूठ वाढेल. बसल्या जागी दरवर्षी मजुरीत वाढ! राजाच्या दिवाणाला तरी सुचलं असतं का?"

कस्तूला ते इतकं पटलं की तिनं लगेच बोटं ताणून पाहिली. गजराबाई पुढं म्हणाली, "आणि हे बघ, गावात बोलायचं नाही. उपकार केल्यासारखं दिसतं. कुणी विचारलंच तर सांग, आईचे हात काजळीचे आहेत म्हणून मी घेते."

कुणी विचारलंच नाही. माणसं परत आली, कस्तूची चिमुकली मूठ पाहिली, पिशवी हातात तोलली, आणि गुपचूप घरी गेली. वाईट माणसं नव्हती हो! पण आपल्या फायद्याची गोष्ट असली की डोळ्यांना दिसते आणि तोंडापर्यंत काही येत नाही. तुमचं-आमचं तरी काय वेगळं आहे?

काही का असेना, भट्टी पुन्हा तडतडू लागली. ते दिवस गरिबीचे होते, पण कस्तूला विचाराल तर ती म्हणेल, काय मजेचे होते! सकाळी दोघी मिळून तुराट्या आणि पालापाचोळा गोळा करायच्या. भट्टी पेटली की गजराबाई कस्तूचे डोळे पदरानं बांधायची. "ऐक आणि सांग, काढू?" कस्तू कान टवकारायची. "काढ!" म्हणून ओरडायची. कधी घाईनं ओरडली तर खूप गणंग निघायचे, मग ते गणंग तिनंच दाताखाली फोडायचे, ही शिक्षा. जेवायला लाह्यांचं पीठ आणि ताक. ताक नसेल त्या दिवशी लाह्यांचं पीठ आणि पाणी. त्यालाही गजराबाई नवं नवं नाव द्यायची. आज राजवाड्यातली खीर, उद्या दिवाणाच्या घरची बासुंदी. "दिवाणाच्या घरी साखर संपलेली दिसते," असं कस्तू म्हणाली की दोघी ठसका लागेपर्यंत हसायच्या.

एकच गोष्ट कस्तूला खटकायची. वाढायची वेळ आली की आईला भूक नसायची.

"भट्टीपुढं बसलं की धगीनंच पोट भरतं बघ," गजराबाई म्हणायची. "आणि भाजताना चार दाणे तोंडात जातात ते वेगळेच. तू खा."

आता कस्तू दिवसभर शेजारीच बसलेली असायची. तोंडात एक दाणा गेलेला तिनं कधी पाहिला नव्हता. एकदा पाणी प्यायला म्हणून उठली, तर आई माठापाशी उभी. एक तांब्या प्याली, दुसरा तांब्या प्याली, आणि लुगडं कमरेला करकचून आवळून परत कामाला बसली. कस्तूला वाटलं, आपली मूठ मोठी असती, तर आई जेवली असती. तिला स्वतःच्या हाताचा असा राग आला की तिनं तो भिंतीवर आपटला. हात दुखला तेवढा, मोठा काही झाला नाही.

मूठ वाढवायचे तिनं पुष्कळ उपाय केले. बोटं ओढून पाहिली. झोपताना हाताला तेल चोळून पाहिलं. मग एके दिवशी ती नुकतीच हात धुऊन आली होती, तेवढ्यात एका गिऱ्हाइकाची पिशवी तयार झाली. तिनं तसाच ओला हात आत घातला, आणि बाहेर काढते तो काय! मुठीत लाह्या होत्याच, पण मुठीच्या पाठीवर लाह्या, बोटांच्या बेचक्यात लाह्या, मनगटालाही लाह्या चिकटलेल्या. तिनं टोपलीवर हात झटकला. एका मुठीच्या जागी दोन मुठी पडल्या.

कस्तू क्षणभर बघतच राहिली. हे बरं नव्हे, हे तिला कळलं. सात-आठ वर्षांच्या पोरीला ते कळतं, उगाच कळत नाही म्हणू नका. पण संध्याकाळी टोपली जड लागली, आणि गजराबाईनं स्वतःला वाढून घेतलं. पुन्हा एकदा वाढून घेतलं! बोटं चाटत म्हणाली, "कस्तू, हात वाढला गं तुझा!" मग काय, कस्तूला स्वर्ग दोन बोटं उरला.

दुसऱ्या दिवसापासून कस्तूच्या शेजारी पाण्याची एक वाटी आली. "हात भाजतो, म्हणून," ती म्हणायची. आधी ती बोटं बुडवायची, मग मनगट, मग वाटीच्या जागी गडू आला. गिऱ्हाईक पिशवीचं तोंड बांधण्यात गुंग, आई कढईत. कुणाचं लक्ष नाही. आणि लोक लाह्या-फुटाणे नेऊन त्याच दिवशी फस्त करायचे, त्यामुळं थोडी ओल कुणाच्या ध्यानात यायची नाही.

असं करता करता दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या हव्यातच, मग दिवस कसेही असोत. घराघरातून जपून ठेवलेली साळ निघाली. आदल्या दिवशी सकाळपासून भट्टीपुढं सगळी चिंचपेठ लोटली. गजराबाईच्या अंगात तर वारं संचारलं होतं. झारा फिरतोय, कढई उपडी होतेय, मोगऱ्यासारख्या पांढऱ्या लाह्या चाळणीत नाचताहेत! आणि कस्तूचा हात गडूतून पिशवीत, पिशवीतून टोपलीत. आज आईला पोट फुटेस्तोवर जेवायला घालायचं, असं ठरवून ती कोपरापर्यंत हात भिजवत होती. लोकांनी पिशव्या घट्ट बांधल्या, घरी नेल्या आणि पूजेसाठी उंच फळीवर ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तू अंगणात रांगोळी काढत होती, तर समोरून पाटलीणबाई आल्या. मागून विसूभाऊ न्हावी. मागून ठमाआजी काठी टेकत. पाठोपाठ आणखी पंधरा-वीस जण, आणि प्रत्येकाच्या हातात कालची पिशवी.

"गजराबाई, हे काय गं?" पाटलीणबाईंनी मूठभर लाह्या पुढं केल्या. "चावून बघ!"

गजराबाईनं एक लाही तोंडात टाकली. कुर्रकन आवाज यायला हवा होता. आलाच नाही. लाही चिवट, चामड्यासारखी वातड.

"माझ्याही तशाच," विसूभाऊ म्हणाले. "लक्ष्मीपुढं असल्या लाह्या ठेवायच्या? वर्षभर जपून ठेवलेली साळ होती ती!"

"हवेचं असेल," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"हवा कशी कोरडी ठणठणीत आहे! भाजणीच बिघडली."

गजराबाई धावत आत गेली. आपल्या टोपलीतल्या लाह्या तिनं चाखल्या. त्याही वातड. मग ती जी बाहेर आली, ती कस्तूनं कधी न पाहिलेली आई होती. रस्ता वळला तेव्हा जी डगमगली नाही, भावापुढं जी नमली नाही, ती भट्टीच्या काठावर मटकन बसली. दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून त्यांच्याकडं बघत राहिली.

"माझा कान गेला," ती हळूच म्हणाली. "कढई कधी काढायची ते कळेनासं झालं मला. मला तर काल सगळं बरोबर ऐकू येत होतं. म्हणजे कान गेलाय आणि गेलेला कळतही नाही." मग तिनं मान वर केली. "माझं चुकलं, बायांनो. सणाच्या दिवशी तुमचं धान्य वाया घालवलं. आता मी झारा हातात धरणार नाही. भट्टी आज पेटायची नाही. भावाला निरोप धाडते."

कस्तूच्या हातातली रांगोळी सांडली. तिला सगळं लख्ख कळलं. आईचा कान कुठंही गेलेला नाही. आपला ओला हात गेला, प्रत्येक पिशवीत.

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. गडू रोजच्या गडूसारखा गडू, त्याला काय तोंड आहे? आणि बोललं तर? मुठीत लबाडी केलेल्या भट्टीवर उभ्या मुलखात कुणी पाऊल ठेवत नसे, हा तर मुठीइतकाच जुना रिवाज. म्हणजे बोललं तरी भट्टी गेली, न बोललं तरी गेली. पण न बोललं तर आई मामाच्या घरी जाऊन बसणार, आणि आपला कान गेला असं जन्मभर समजत राहणार. कस्तूनं पुन्हा आईच्या त्या उताण्या हातांकडं पाहिलं, आणि तिच्यानं राहवेना.

"आईचं काही चुकलं नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की पाटलीणबाई दचकून मागं सरल्या. "मी केलं! लाह्या मी भिजवल्या!"

"तू? ती कशी?" ठमाआजींनी विचारलं.

कस्तूनं गडू आणला, सगळ्यांदेखत कोपरापर्यंत हात भिजवला आणि पिशवीत घालून बाहेर काढला. हातभर लाह्या चिकटल्या होत्या. "अशी मूठ घेत होते मी. रोज. जास्त यावं म्हणून."  भोकाड पसरलं तिनं.

 गजराबाई उठली, सावकाश चालत आली. आता कस्तूची धडगत नाही, असं सगळ्यांना वाटलं. तिनं पोरीचा ओला हात धरला, त्यावरची एक लाही उचलून पाहिली आणि म्हणाली, "म्हणजे माझा कान शाबूत आहे?"

"हो," कस्तू हुंदके देत म्हणाली.

"अगं, माझा कान शाबूत आहे!" गजराबाईनं टाळीच वाजवली. "मेले, तू माझा जीव काढला होतास!" आणि कस्तूच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. धपाटा घातला आणि त्याच हातानं तिला पोटाशी धरलं. "पण का गं केलंस असं? मी तुला हे शिकवलं?"

"तू जेवत नव्हतीस," कस्तू पदरात तोंड खुपसून म्हणाली. "नुसतं पाणी पीत होतीस. माझी मूठ लहान आहे, त्यात दोघींचं मावत नाही."

 ठमाआजी पुढं आल्या. त्यांनी काठी पाटलीणबाईंच्या हातात दिली आणि कस्तूची मूठ आपल्या हातात घेऊन सगळ्यांना दाखवली.

"बघा नीट. ही मूठ. पोरीनं आपलं पाप चारचौघांत सांगितलं. आता मी म्हातारी माझं सांगते. गजराची मूठ जाऊन ही एवढीशी आली, ते मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मुद्दाम केलंय तिनं, आपल्यासाठी केलंय, हेही कळलं होतं. तरी मी बोलले नाही. म्हटलं, वाचतंय तर वाचू दे."

गर्दीत पायांची चुळबुळ सुरू झाली. विसूभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आता निघालंच आहे तर माझंही ऐका. दोन पिशव्यांचं धान्य मी एकाच पिशवीत ठासून आणतो. दोन मुठी द्याव्या लागू नयेत म्हणून."

"अस्सं! म्हणून तुमची पिशवी उचलताना माझी कंबर धरायची!" गजराबाई म्हणाली.

"माझी पोरं," पाटलीणबाई नजर चुकवत म्हणाल्या, "भट्टीवर येतात आणि चाळणीतल्या लाह्या खाऊन जातात. मीच पाठवते त्यांना. भूक लागली की."

मग जो तो बोलू लागला. कुणी म्हणालं, मी तुमच्या तुराट्यांतल्या चार उचलल्या. कुणी म्हणालं, काल मी भिजलेली साळ खाली आणि चांगली वर घालून आणली, गजरानं परत पाठवू नये म्हणून. एकाचं ऐकून दुसऱ्याला हसू, दुसऱ्याचं ऐकून तिसऱ्याला धीर. हसता हसता सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांत चिंचपेठ अशी एका जागी हसली नव्हती.

"थांबा, माझं राहिलंय," गजराबाई म्हणाली.  ती कस्तूकडं वळली. "धगीनं पोट भरतं म्हणत होते ना मी? साफ खोटं. मला भूक लागायची. खूप लागायची. तुला कळू नये म्हणून हसत होते. तू माझ्यापासून लपवलंस, कारण आधी मी तुझ्यापासून लपवलं. आता नाही लपवणार."

कस्तूनं डोळे पुसले. "आता भूक लागलीय?"

"लागलीय की! पण आधी लक्ष्मीच्या लाह्या. रडत काय उभी राहिलीस, पेटव भट्टी! वातड लाही वाया थोडीच जाते. हलकी धग दिली की पुन्हा कुरकुरीत होते. पण सगळ्या गावाच्या लाह्या म्हणजे सरपण लागेल गाडीभर."

सरपण म्हणायचा अवकाश, लोक घराकडं पळाले. कुणी पऱ्हाट्या आणल्या, कुणी भुस्सा, विसूभाऊंनी आपल्या दुकानाची मोडकी फळकुटंच उचलून आणली. पाटलीणबाई पदर खोचून चाळायला बसल्या. पोरं सूप घेऊन पाखडू लागली. गजराबाई झाऱ्यानं वाळू हलवत होती आणि कस्तू डोळे मिटून लाह्यांच्या सळसळीला कान देत होती.

"काढू?"

"थांब... थांब... काढ!"

एकही दाणा करपला नाही. दिवे लावायच्या आत प्रत्येक घरची लाही कुर्रकन वाजली.

मग मुठीचा प्रश्न निघाला. पाटलीणबाई म्हणाल्या, "आजपासून मूठ गजराचीच." सगळ्यांनी माना डोलावल्या. गजराबाई मात्र हटून बसली. "अजून दिवस तंगीचे आहेत. मूठ कस्तूचीच राहील. पण कोरडी!" पुन्हा हशा पिकला. ठमाआजींनी त्यातून वाट काढली. कस्तूनं आपली कोरडी मूठ घेतली की ज्याच्या घरात असेल त्यानं आपल्या हातानं आणखी थोडं टोपलीत घालायचं. नसेल त्यानं तसं सरळ सांगायचं, लाजायचं नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या घरात असल्यासारखंच झालं. टोपली भरली, मग सूप भरलं, मग ठेवायला जागा नाही म्हणून कस्तूनं परकराचा ओचा पुढं केला.

संध्याकाळी पणत्यांच्या उजेडात गजराबाई जेवायला बसली आणि कस्तू वाढायला. लाह्या, गूळ, आणि पाटलीणबाईंकडून आलेलं घट्ट दही. गजराबाईनं ताट पुसून खाल्लं. कस्तू वाटी धरून बघत होती.

"पोट भरलं?"

गजराबाई नेहमीच्या सवयीनं हो म्हणणार होती. मग थांबली, आणि ताट पुढं सरकवलं.

"नाही भरलं. वाढ अजून."

कस्तूनं वाटी उपडी केली.

तात्पर्य काय, तर: घरात ओढाताण असली की ती मोठ्यांनी लहानांपासून आणि लहानांनी मोठ्यांपासून लपवू नये. मायेपोटी लपवलं तरी लाह्या वातड होतात, आणि एकदा मोकळेपणानं सांगितलं की सरपण घेऊन माणसं धावत येतात.